गवत हरवले की वाट?

आग्रही : ‘पशुपालक’ या एका शब्दाखाली वऱ्हाडात निदान तीन वेगळ्या जीवनरीती नांदतात. चिखलदरा व धारणी तालुक्यांच्या डोंगरात गाई-म्हशी राखून खवा आटविणारे गवळी, अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीच्या मैदानात पीक निघालेल्या शिवारांतून मेंढ्या-शेळ्या फिरविणारे धनगर, आणि कच्छ-सौराष्ट्राकडून गाई, मेंढ्या व उंट घेऊन आलेले, येथे सरसकट ‘काठेवाडी’ म्हणून ओळखले जाणारे रबारी व भरवाड. यांच्या चालीरीती वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट समान आहे, ती ही की जनावर त्यांच्या मालकीचे असते पण ते ज्या जमिनीवर चरते ती बहुधा दुसऱ्याची असते. म्हणून ऋतूंत होणारा बदल सर्वांत आधी आणि सर्वांत उघड्यावर यांनाच झोंबतो. शेतकऱ्याला निदान आपली विहीर, आपला गोठा, आपली कुटाराची रास असते. उघड्यावर वावरणाऱ्यांना उन्हापासून आडोसा आणि पावसापासून छप्पर नाही, आणि हवामान बदलाच्या चर्चेत मात्र त्यांचे नाव कापूस व सोयाबीननंतर आले तर येते.

साशंक : ऊन आणि अवर्षण ही वऱ्हाडात नवी आलेली संकटे असल्यासारखे बोलणे इतिहासाला धरून नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडची गुरे मोठ्या संख्येने मेली, १९७२ च्या दुष्काळातही दावणी मोकळ्या झाल्या, आणि अकोल्याच्या तापमानाचा उच्चांक पाहावा तर तो २२ मे १९४७ रोजीचा, ४७.८ अंशांचा आहे. तेव्हा हवामान बदल हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. खरोखर काय बदलले ते पाहायचे असेल तर आकाशाऐवजी शिवाराकडे पाहावे. एकेकाळी येथे कापसाच्या जोडीला ज्वारी असे आणि ज्वारीमागे कडबा असे. सोयाबीनने ज्वारीला हटविले आणि वर्षभराची वैरण एका पिढीत नाहीशी झाली, कारण सोयाबीनचे कुटार कडब्याची जागा घेऊ शकत नाही. गावाच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनी, ज्यांना विदर्भाच्या महसुली भाषेत ‘ई-क्लास’ म्हणतात, त्या अतिक्रमणांखाली गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांवर तरोटा व गाजर गवत माजले, ज्यांना जनावर सहसा तोंड लावीत नाही. मेळघाटात १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे कोहा, कुंड, बोरी अशी गावे उठून खाली आली. यांपैकी एकही गोष्ट हवेतील कार्बनने केलेली नाही. हवामानाचे नाव पुढे केले की तहसील कचेरी, वन खाते आणि गावातील वजनदार अतिक्रमक हे सगळे एकदम सुटतात, कारण दोष अख्ख्या पृथ्वीचा ठरतो.

आग्रही : शेवटचे वाक्य मान्य करूनही आधीचा युक्तिवाद अपुरा राहतो, कारण तो उच्चांक आणि सरासरी यांवर उभा आहे. १९४७ चा एक दिवस तापला म्हणून आजचा उन्हाळा तसाच आहे असे होत नाही. २६ मे २०२० रोजी अकोल्यात ४७.४ अंश नोंदले गेले, आणि २०२४ च्या मेअखेरीस तर उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले. पावसाचेही तसेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी इतरांसह २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दाखविले आहे, आणि त्याच काळात पावसाचे एकूण मान मात्र वाढलेले नाही. म्हणजे तेवढेच किंवा कमी पाणी, पण थोड्या दिवसांत आणि मध्ये लांब उघडीप देऊन पडलेले. गवताच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. मारवेल किंवा पवन्या यांसारख्या चांगल्या गवतांना मुळाशी सतत ओल लागते. एका रात्रीत चार बोटे पाणी पडून वाहून गेले आणि पुढे तीन आठवडे कोरडे गेले तर ती खुरटतात, आणि त्यांची जागा कुसळीसारखी टणक गवते घेतात, ज्यांची कुसळे मेंढीच्या लोकरीत व कातडीत घुसतात. उघडिपीत ताणलेल्या कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल साठते व ते खाल्लेले जनावर तडफडून मरते, ज्याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. मेंढपाळाला हे माहीत असते, पण उघडीप भलत्याच महिन्यात पडली की ही माहितीही उशिरा कामाला येते.

आणि हिवाळ्याचे काय म्हणावे? फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यावर गारपीट झाली. अवकाळी पावसाने वाळलेले उभे गवत भिजते, त्यातील सत्त्व धुऊन जाते व बुरशी धरते, शिवारात रचलेले कुटार काळे पडते, आणि भिजलेली मेंढी रात्रीच्या वाऱ्यात गारठून मरते. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात एका थंड पावसाने शेकडो मेंढ्या अशाच गेल्या होत्या.

साशंक : पावसाच्या वाटणीविषयीचा मुद्दा वजनदार आहे व तो नाकारण्याचे कारण नाही. तरीही प्रत्येक मेलेले जनावर हवामानाच्या खात्यावर मांडण्याचा मोह आवरला पाहिजे. २०२२ च्या पावसाळ्यात लंपी त्वचारोगाने अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत गाई-बैल गमावले गेले, आणि तो रोग चावणाऱ्या कीटकांमुळे पसरतो म्हणून ‘हवामान बदलाचे बळी’ असे म्हटले गेले. पण तो विषाणू आशियात पसरला तो मुख्यतः जनावरांच्या वाहतुकीने, आणि त्याला रोखणारी लस वेळेवर पोचली की नाही हा प्रश्न पशुवैद्यकीय खात्याचा होता. दुसरे असे की, या भूमीतील जनावरांनी उन्हाशी केव्हाच तडजोड केलेली आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे, म्हणजे असा प्रदेश की जेथे भूजल मुळातच खारट असते. त्या पट्ट्यातच पूर्णाथडी म्हैस घडली. फिकट, भुऱ्या रंगाची ही म्हैस २०२३ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत स्वतंत्र जात म्हणून आली. खारे पाणी आणि पंचेचाळीस अंश या दोहोंत टिकणारे जनावर दारी असताना, तेथील माणूस असहाय आहे असे चित्र का रंगवावे?

आग्रही : पूर्णाथडीचे उदाहरण नेमके उलट बाजूने वाचता येते. कोणतीही म्हैस ही पाण्याची सोबतीण असते. तिच्या अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने कमी असल्याने ती घामाने निवत नाही, ती डुंबून निवते. भुरा रंग ऊन थोडे परतवीत असेल, पण डोह लागतोच. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी माणसालाच पिववत नाही, म्हणून म्हशीचा सारा भरवसा पूर्णेच्या व तिच्या उपनद्यांच्या डोहांवर आणि गावतळ्यांवर असतो. ते डोह पूर्वी ज्या महिन्यापर्यंत टिकत त्याच्या आधीच आटू लागले, तर जातीची नोंद कागदावर राहते आणि म्हैस बाजारात जाते. एखादे जनावर हवामानाला सरावलेले असते याचा अर्थ ते एका मर्यादेपर्यंत सरावलेले असते, आणि ती मर्यादा कोठे आहे हे ती ओलांडल्यावरच कळते.

परंतु गवत व पाणी यांपेक्षा मोठा तोटा दुसराच आहे आणि त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. मेंढपाळाचा आणि शेतकऱ्याचा एक अलिखित करार असतो. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतकरी शेतात मेंढ्या बसवितो, म्हणजे काही रात्री कळप शेतात थांबवितो. मेंढ्यांना पऱ्हाटीचा पाला, कच्ची बोंडे व बांधावरचे गवत मिळते, शेताला लेंडी-मुताचे खत मिळते, आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी हंगाम संपल्यावर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात असा सल्ला आज कृषिशास्त्रज्ञही देतात, म्हणजे जे पूर्वी रिवाज होते ते आता कीडनियंत्रण ठरले आहे. हा सगळा व्यवहार तारखांवर चालतो. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या गावी कापूस उलंगेल, कोणत्या गावी तूर निघेल आणि हरभऱ्याचे शिवार कधी मोकळे होईल हे मेंढपाळ वडिलांकडून शिकलेला असतो आणि त्याची वाट त्या क्रमाने आखलेली असते. परतीचा पाऊस ऑक्टोबरअखेर रेंगाळला, कापूस पुन्हा फुटला आणि शेतकऱ्याने फरदड घेतली, म्हणजे त्याच झाडांवर आणखी एक-दोन वेचण्यांच्या आशेने पीक राखले, की कळपाच्या वाटेवरचे ते गाव महिनाभर बंद होते. पुढचे गाव अजून तयार नसते आणि मागचे संपलेले असते. चारा जिल्ह्यात असतो, पण त्या दिवशी त्या ठिकाणी नसतो. हवामानाने मेंढपाळाचे गवत नेले त्याहून अधिक त्याचे पंचांग नेले आहे.

(येथपर्यंत वाद ‘हवामान की माणूस’ या जुन्या वळणाने चालला होता. पंचांगाचा मुद्दा आल्यावर तो वळण सोडतो, कारण फिरणे हे दुखणे की औषध, हा प्रश्न आता टाळता येत नाही.)

साशंक : हे विवेचन मान्य केले तर निष्कर्ष मात्र आग्रही बाजूला गैरसोयीचा निघतो. मेंढपाळ जे करीत आला तेच अनिश्चिततेवरचे उत्तर होते: येथे नाही पडला तर तेथे जा, आज नाही तर पुढच्या पंधरवड्यात ये. ज्याला आज अभ्यासक ‘अनुकूलन’ म्हणतात, म्हणजे बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची रीत, ती त्याच्या पायांत होती. मग ऋतू अधिक लहरी झाला तर त्याने अधिक फिरावे, अधिक वाटा बदलाव्यात, एवढेच व्हायला हवे होते. ते होत नाही, कारण वाटा बदलण्याची मुभा राहिलेली नाही. जंगल बंद, ई-क्लास संपलेली, चौपदरी रस्ते कळपाने ओलांडणे जिवावरचे, आणि अनोळखी गावात शिरलेला कळप म्हणजे चोर समजला जाण्याची भीती. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती, तर पाळणारे आपण कच्छचे परंपरागत उंटपाळ असल्याचे सांगत होते, आणि जनावरे परत मिळविण्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले. त्याच वर्षी लंपीमुळे गुरांचे बाजार व जिल्ह्याबाहेरची वाहतूक बंद झाली. रोगासाठी ते आवश्यकही असेल, पण फिरण्यावर जगणाऱ्याला थांबविणे म्हणजे काय याचा विचार आदेशात कोठे होता? दुखणे हवामानाचे असले तरी औषध घेऊ न देणारा हात माणसाचा आहे, आणि मूळ प्रतिपादन हेच होते.

आग्रही : मूळ प्रतिपादन हवामानाला दुय्यम ठरविण्याचे होते, आणि ते आता टिकत नाही, कारण वाट बंद होणे आणि ऋतू लहरी होणे या दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ऋतू नेमका असता तर अरुंद वाटेवरूनही कळप निघाला असता. वाट मोकळी असती तर लहरी ऋतूही निभावला असता. शिवाय हवामानाचे नाव घेतल्याने सरकार सुटते असे म्हणताना, ते नाव न घेतल्याने पशुपालक मदतीच्या बाहेर राहतो हे विसरले जाते. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या आपत्ती-मदतीच्या निकषांत मेलेल्या दुधाळ गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये व शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये धरले, पण एका कुटुंबासाठी तीन मोठ्या किंवा तीस लहान जनावरांची मर्यादा घातली. गारपिटीत सापडलेल्या दोनशे मेंढ्यांच्या कळपाला या मर्यादेचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही. अधिसूचित आपत्तींत गारपीट होती, थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. अकोल्यातील कलम १४४ च्या आदेशाने मालकांवर कामगारांना पाणी व सावली देण्याचे बंधन घातले, खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलल्या. पण ज्याचा मालक कोणी नाही, ज्याचे काम भर दुपारी कळपाला पाण्यावर नेण्याचे आहे, तो त्या आदेशाला दिसलाच नाही. (गावची गुरे राखणाऱ्या ढोरक्याला तर मालक पन्नास असतात, त्यामुळे त्याचाही कोणी नसतो.)

साशंक : मदतीचा हा मार्गच अधिक तपासून पाहिला पाहिजे. शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या व एक नर अनुदानावर मिळतो, फिरत्या मेंढपाळांना पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदान देण्याचा निर्णय आहे, अमरावतीजवळ पोहरा येथे मेंढी-शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. चराई अनुदानामागची कबुली लक्षणीय आहे: पावसाळ्यात शेते पिकाखाली आणि जंगल बंद, म्हणून चरायला जागाच नाही, हे शासन मान्य करते आणि जागेऐवजी पैसे देते. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे तर इंग्रजी नावच हवामानाशी जोडलेले आहे आणि त्यात खारपाणपट्ट्यातील गावेही आली, पण त्याचा पाया गाव, शेत व सातबारा हाच राहिला. भूमिहीनाला त्यात शेळ्या मिळू शकतात, वाट मिळत नाही. याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. हवामान बदलावरचा उपाय म्हणून जे केले जाते त्यालाही जमीन लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी, त्यांत गायरानेही, दिली जातात. वन खात्याची झाडे लावायची तर कुंपण घालून चराई बंद होते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे योग्यच आहे, पण त्या विजेची जागा बहुधा ‘पडीक’ या शब्दाने मोकळी करून घेतलेली असते, आणि पडीक म्हणजे कोणाचे तरी कुरण. म्हणजे हवामानाचे नाव जितके मोठे होईल तितके ई-क्लासवरचे दडपण वाढेल. पशुपालकाच्या बाजूने हे नाव घेणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आग्रही : याचे सोपे उत्तर नाही हे कबूल करावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दांत मान्य केला आहे, आणि सामूहिक वनहक्क मिळाले की गाव स्वतः जंगल राखते हे अचलपूर तालुक्यातील पायविहीरने २०१२ नंतर दाखवूनही दिले आहे. त्याच वाटेने चराईचे नियम ग्रामसभांनी ठरवावेत, गायराने सौर पट्ट्यांसाठी देण्यापूर्वी चराईची गणना व्हावी, असे म्हणता येईल.

साशंक : कोणत्या ग्रामसभेने? हक्क गावाला मिळतो आणि मेंढपाळ त्या गावचा नसतो. मेहनतीने राखलेले गवत बाहेरून आलेल्या तीनशे मेंढ्यांना का द्यावे, असे पायविहीरसारख्या एखाद्या गावाने विचारले तर त्या गावाला स्वार्थी म्हणता येणार नाही. उभ्या तुरीत कळप शिरल्यावर एका रात्रीत वर्ष गमावणारा तीन एकरांचा शेतकरीही हवामानाचाच मारलेला आहे. आणखी एक प्रश्न कोणी मोकळेपणाने विचारीत नाही. फिरणे हे शहाणपणाचे उत्तर आहे असे पुस्तकात सिद्ध झाले तरी, ज्या बाईला दर चार दिवसांनी चूल, लेकरू व कोंबड्या घोड्यावर लादून हलावे लागते आणि ज्या मुलाची शाळा आश्विनात सुटते ती पुन्हा लागत नाही, त्यांनी ते उत्तर का जगावे? मेळघाटातून खाली आलेल्या सगळ्यांनाच परत जायचे आहे असे गृहीत धरणे हाही एक प्रकारचा अभ्यासकी हट्ट आहे.

आग्रही : थांबण्याची इच्छा आणि थांबविले जाणे यांत भेद आहे. ज्या कुटुंबाने मेंढ्या विकून परतवाड्यात किंवा मूर्तिजापुरात टपरी टाकली त्याने निवड केली की गारपिटीनंतरच्या कर्जाने ती करून घेतली, हे बाहेरून सारखेच दिसते. म्हणूनच आधी मोजणी हवी. २०१९ च्या पशुगणनेने महाराष्ट्रातील गोवंश सात वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटल्याचे सांगितले, पण तो घटला कोणाच्या दावणीतून हे सांगितले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची माहिती प्रथमच वेगळी गोळा करण्याचे ठरले. संयुक्त राष्ट्रांनीही २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांच्यासाठी घोषित केले. कोण फिरतो, किती फिरतो, कोणत्या वर्षी वाट मोडली आणि कशाने, हे कळले तर निवड आणि सक्ती यांतील अंतर तरी दिसू लागेल.

साशंक : गणना गावनिहाय होते आणि तालुक्यावर बेरजेस येते. माघात बाळापूरच्या शिवारात बसलेला कळप वैशाखात पूर्णेच्या पात्रात असतो आणि श्रावणात कोठे असावा हे त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते. प्रगणक ज्या दिवशी भेटला त्या दिवशीचा तालुका त्या कळपाचा मानायचा, की ज्या तालुक्यात त्याला जायचे होते पण फरदडीमुळे, कुंपणामुळे किंवा आटलेल्या डोहामुळे जाता आले नाही तो?

आग्रही : दुसरा रकाना त्या अर्जात नाही.

साशंक : आणि तो रकाना घातलाच, तर ‘का जाता आले नाही’ या प्रश्नापुढे फरदड, कुंपण आणि डोह यांतले एकच उत्तर निवडावे लागेल की तिन्ही लिहिता येतील?